ओसाड बाग राखायला घेताना: पहिल्या पाहणीपासून रोजच्या देखभालीपर्यंत

दुर्लक्षित बागेत एका सकाळी पन्नास माणसं जमतात, गाडीभर कचरा निघतो, फोटो काढले जातात. मग पाऊस पडतो आणि महिन्याभरात तण पुन्हा गुडघ्याला लागतं. पुढच्या वेळी पन्नासातले दहाच येतात आणि त्यातलेही काही म्हणू लागतात, ‘इथे कितीही करा, जागा तशीच राहणार.’ बहुतेक वेळा माणसं कमी पडलेली नसतात, एकदम अंगावर घेतलेली जागाच जास्त झालेली असते. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांमागे माझा एकच आग्रह आहे. वर्षभर राखता येईल तेवढाच तुकडा साफ करा आणि तो टिकला की मगच शेजारचा घ्या.

या पद्धतीला चांगला इतिहास आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात घराजवळच्या झाडीतलं परकं तण हातांनी काढायला सुरुवात केली. सगळ्यात वाईट अवस्थेतला भाग त्यांनी शेवटी ठेवला. जिथे मूळची झाडं अजून तग धरून होती, तिथून त्या तणाच्या दिशेने सरकत गेल्या. माती कमीत कमी उकरायची, काढलेला पाला तिथेच पसरायचा आणि मोकळी झालेली जागा मूळची झाडं भरून काढतील त्याच वेगाने पुढे जायचं, हे त्यांचे नियम होते. ही पद्धत पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. शहरातल्या बागेलाही ती लागू पडते. सुरुवात उकिरडा झालेल्या कोपऱ्यापासून करू नका. लोक अजून येऊन बसतात त्या बाकापासून, वापरात असलेल्या पायवाटेपासून करा. तिथे केलेलं काम रोज कोणाच्या तरी नजरेला पडतं आणि टिकतंही.

आधी बघा, मग हात लावा

खुरपं हातात घेण्याआधी बागेत वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा: पहाटे, भर दुपारी, दिवेलागणीनंतर, सुट्टीच्या दिवशी आणि मोठा पाऊस होऊन गेल्यावर. साधा हाती काढलेला नकाशा पुरतो. त्यावर पाणी कुठे साचतं, दिवे कुठे बंद आहेत, नळ कुठे आहे, कुंपण कुठे तुटलंय आणि लोक गवतातून आडवे कुठून चालतात ते टिपा. आखलेली वाट सोडून लोकांनी स्वतः पाडलेली वाट बुजवायच्या भानगडीत पडू नका. पुढेमागे तिथेच पक्की पायवाट मागायची आहे.

कचऱ्याकडे नीट बघा, कारण तो कुठून येतो हे तो स्वतःच सांगतो. बाकाखाली कप आणि पाकिटं असतील तर जवळ कचरापेटी नाही, किंवा आहे पण ओसंडून वाहते. कुंपणाच्या आतल्या कडेला गाठ मारलेल्या पिशव्या सापडल्या तर त्या शेजारच्या घरांतून येताहेत. तिथे पाटी लावण्यापेक्षा घरोघर जाऊन कचरागाडीची वेळ त्यांना जमते का हे विचारण्याचा उपयोग होतो. एखाद्या कोपऱ्यात विटा, फुटक्या फरशा, सिमेंटची रिकामी पोती असा राडारोडा पडलेला असेल, तर तिथपर्यंत वाहन पोचतंय. ती वाट दगड किंवा खांब लावून बंद करायला हवी. झुडपाआड बाटल्या आणि सुया असतील तर तो आडोसा आणि अंधार हे कारण आहे. चारही ठिकाणचा कचरा एकाच सकाळी उचलता येतो, पण कारणं चार आहेत आणि ती तशीच राहिली तर कचरा परत येतो.

रोज येणाऱ्या माणसांशी बोला. ठरलेल्या बाकावर संध्याकाळी येऊन बसणाऱ्या एखाद्या आजोबांना नळ कधीपासून गळतोय, दिवा कोणत्या वादळात पडला, माळी कधीपासून यायचा बंद झाला, सगळं ठाऊक असतं. बागेची पडझड बहुतेकदा साखळीने झालेली असते. नळ बंद पडतो, गवत वाळतं, धूळ उडायला लागते, मुलं यायची थांबतात आणि रिकाम्या जागेत कचरा पडायला लागतो. अशा वेळी कचरा उचलण्याआधी नळ दुरुस्त करून घ्यावा लागतो.

बागेत कोणी झोपत किंवा राहत असेल तर त्या माणसाशीही आधी बोला. त्याचं सामान कचरा समजून उचलू नका. त्याला हुसकावणं हे स्वयंसेवकांचं काम नाही.

परवानगी आणि बागेतली माणसं

जागा कोणाची आहे हे शोधा आणि लेखी परवानगी घ्या. स्थानिक प्रशासनाचा उद्यान विभाग, एखादी गृहसंस्था किंवा संस्था, जो मालक असेल त्याच्याकडून. तोंडी ‘करा की’वर काम सुरू केलं आणि अधिकारी बदलला, की सगळं थांबतं. अर्जात नेमका कोणता तुकडा, कोणत्या दिवशी, किती वेळ आणि कोणती कामं हे लिहा. विचारायचे प्रश्नही त्यातच घाला: जमिनीखालून पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा कुठून जातात? कोणती झाडं छाटायला वेगळी परवानगी लागते? गोळा केलेला कचरा कोण आणि कधी उचलणार? कोणाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची? कचरा उचलण्याची तारीख हातात आल्याशिवाय साफसफाईचा दिवस ठरवू नका. भरलेल्या गोण्या आठवडाभर फाटकाशी पडून राहिल्या तर लोक त्यावरच कचरा टाकतात.

बागेला माळी किंवा सफाई कामगार नेमलेले असतील तर सगळ्यात आधी त्यांना भेटा. त्यांच्या कामावर टीका करायला गट आला आहे असं त्यांना वाटलं, तर पहिल्याच दिवशी दुरावा येतो. त्यांना विचारा की कशासाठी हात कमी पडतात. आणि गटातही स्पष्ट ठरवा की स्वयंसेवक पगारी माणसांच्या जागी नाहीत. ‘आता लोकच करताहेत’ म्हणून कोणाचं काम किंवा बागेची तरतूद काढून घेतली जात असेल, तर गटाने त्याविरुद्ध लेखी म्हणणं मांडावं.

श्रमदानाची पहिली सकाळ

दोन ते अडीच तास पुरे. थकलेली माणसं हात कापून घेतात, पडतात आणि पुन्हा येत नाहीत. आठ-दहा जणांमागे एक जबाबदार माणूस ठेवा. आपापल्या गटाला कुठपर्यंत काम करायचं हे त्यानेच दाखवायचं.

प्रत्येकाला जाड हातमोजे, बंद बूट, पूर्ण बाह्या आणि पूर्ण पायजमा किंवा पँट हवी. अवजारांमध्ये खुरपी, विळे, दाताळी, फावडी, घमेली, एखादी पहार, छाटणीची कात्री, लांब दांड्याचे चिमटे आणि मजबूत गोण्या एवढ्यावर भागतं. प्रथमोपचाराची पेटी, हात धुवायला साबण आणि प्यायचं भरपूर पाणी आणा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईंनी मांजरांची वर्दळ असलेली माती उकरू नये. मांजरांच्या विष्ठेतून गर्भाला अपाय करणारा संसर्ग होऊ शकतो.

काम सुरू होण्याआधीची पाच मिनिटं सुरक्षिततेची. हात कुठे घालतोय ते दिसत नसेल तर तिथे हात घालायचा नाही. दगड, ओंडके आणि पाल्याचे ढीग आधी लांब काठीने हलवायचे, कारण साप, विंचू आणि गांधीलमाश्या अशाच जागी असतात. साप दिसला तर सगळ्यांनी मागे व्हायचं आणि प्रशिक्षित माणसाला बोलवायचं. रसायनांचे डबे, सिमेंटचे जुने तुटके पत्रे, लोंबकळणाऱ्या तारा, मेलेली जनावरं यांना हात लावायचा नाही. जागेवर खूण करायची आणि कळवायचं. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि पत्रा मोडला की त्याचे तंतू श्वासातून आत जातात.

इंजेक्शनच्या सुयांबद्दल सगळ्यांना नीट समजावा. सुई दिसली की मुलांनी आणि नवख्यांनी थांबून हाक मारायची. जबाबदार माणसाने जाड प्लास्टिकची, झाकण घट्ट बसणारी बरणी सुईजवळ जमिनीवर ठेवायची. बरणी हातात धरायची नाही. चिमट्याने सुई टोकाकडून आत सोडायची. टोपण परत लावायचा प्रयत्न अजिबात नको. सुई टोचलीच तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुऊन त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर डॉक्टर गाठायचा. गोण्या पायाने दाबायच्या नाहीत आणि मांडीला टेकवून न्यायच्या नाहीत. काच वेगळ्या खोक्यात किंवा बादलीत.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मोठ्या वस्तू, मग सुटा कचरा, त्यानंतर गवत कापणं. कचरा न उचलता गवतावर यंत्र फिरवलं तर एका पिशवीचे शंभर तुकडे होतात आणि ते मातीतून वेचणं जवळपास अशक्य असतं. ओलं, सुकं आणि काच-धातू असं वर्गीकरण उचलतानाच करा. नंतर बसून निवडायचं म्हटलं की कोणी निवडत नाही. पालापाचोळा जाळू नका. धुराचा त्रास होतोच आणि बागेचं सगळ्यात उपयोगी खत राख होऊन जातं.

सकाळ संपताना तुकडा पूर्ण झालेला दिसला पाहिजे. पायवाटेच्या कडा झाडून सरळ केलेल्या, बाक पुसलेला. अर्धवट साफ केलेल्या मोठ्या मैदानापेक्षा पूर्ण झालेला छोटा चौकोन बघून माणसं पुन्हा येतात.

तण

इथे घाई सगळ्यात महागात पडते. तण बी धरण्याआधी काढा, आणि पाऊस पडून माती मऊ झाली असताना काढा. खोल मूळ असलेली झाडं कोरड्या मातीत ओढली तर मूळ तुटतं आणि दोन आठवड्यांत पुन्हा कोंब येतो. हरळी आणि लव्हाळा यांचं गणित वेगळं आहे. कुदळीने घाव घातले की जमिनीखालच्या कांड्या आणि गाठी विखुरतात आणि प्रत्येक तुकडा नवा रोप होऊ शकतो. त्यांना माती सैल करून हाताने निवडूनच काढावं लागतं.

गाजर गवताला उघड्या हाताने शिवू नका. त्याने त्वचेला खाज आणि चट्टे येतात, परागकणांनी दमा असलेल्यांना त्रास होतो. फुलावर येण्याआधी, हातमोजे आणि नाकावर मास्क लावून, मुळासकट उपटा. घाणेरीची दाट जाळी एका दमात साफ करू नका. तिच्या आत पक्षी घरटी करतात आणि तिच्या सावलीत चांगली रोपंही वाढत असतात. कडेकडेने कमी करत जा. मूळ खणून न काढता फांद्या छाटल्या तर ती अधिक दाट फुटते.

सगळ्यांना दोन-तीन तणंच ओळखायला शिकवा आणि त्या दिवशी फक्त तीच काढा. ‘हिरवं दिसेल ते काढा’ असं सांगितलं की चार वर्षांपूर्वी कोणीतरी लावलेलं रोपही जातं.

काढलेल्या जागी माती उघडी ठेवू नका, कारण उन्हाला लागलेल्या मोकळ्या मातीत पहिलं उगवतं ते तणच. वाळका पाला किंवा लाकडाचा भुगा पाच ते दहा सेंटिमीटर जाडीचा पसरा. तणनाशक फवारायचा मोह होतो, पण मुलं आणि कुत्री लोळतात त्या जागेत अप्रशिक्षित माणसाने फवारणी करू नये.

झाडं

बागेतल्या जुन्या झाडांकडे गट बघतच नाही, कारण ती उभी असतात. बुंध्याशी वाकून बघा. कधीकाळी रोपाला आधार म्हणून बांधलेली तार वाढत्या खोडात रुतून बसलेली असते. वरून साल फुगून दोन ओठांसारखी तिच्यावर आलेली असते आणि मधे गंजाची रेघ दिसते. अशी तार जिथे मोकळी आहे तिथे कापून सैल करा. जी पूर्ण आत गेली आहे ती ओढून काढू नका, झाड तिला सामावून घेतं. बुंध्यापर्यंत केलेलं सिमेंट फोडून घेण्याची मागणी लेखी करा. पाल्याचं आच्छादन खोडाला टेकवून ढीग करू नका, त्याने साल कुजते. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवून बाहेर पसरवा.

छाटणी परवानगी असेल तरच, आणि जमिनीवर उभं राहून हात पोचेल एवढीच. शिडी आणि यंत्रकरवत हे प्रशिक्षित माणसांचं काम. जड फांदी तीन कापांत काढतात. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, एक तृतीयांश खोलीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा बाहेर, म्हणजे फांदी साल सोलत न नेता पडते. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर. हा कडा कापायचा नाही, कारण जखम भोवतीने बंद करणारी ऊती तिथेच असते. अमेरिकी वनसेवेतले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून हे दाखवलं. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड तो भाग आतून भिंत घालून वेगळा करतं. कापावर रंग किंवा डांबर फासण्याने कुजणं थांबत नाही. काप स्वच्छ ठेवून तसाच सोडा.

मोकळी नजर

लोकांना बागेची भीती वाटत असेल तर झुडपांची उंची तपासा. वाटेलगतची झुडपं साधारण तीन फुटांच्या खाली आणि झाडांच्या फांद्या सात फुटांच्या वर ठेवल्या, तर मधल्या उंचीवर नजर आरपार जाते. न्यूयॉर्कमधलं ब्रायंट पार्क १९७० च्या दशकात अमली पदार्थांच्या विक्रीसाठी बदनाम होतं. नागरी जागांचा अभ्यास करणारे विल्यम व्हाइट यांनी तिथली उंच कुंपणं आणि झुडपं काढून वाटा मोकळ्या करायला सुचवलं. १९९२ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा प्रवेश मोकळे केलेले होते आणि हव्या तिथे ओढून नेता येतील अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या होत्या. लोक परत आले. पण सगळंच भुईसपाट करू नका. वाटेपासून लांब, एखाद्या कोपऱ्यात पक्ष्यांसाठी दाट झुडूप राहू द्या.

पाणी, पाला, खेळणी

साचलेलं पाणी दर आठवड्याला ओतून टाका: टायर, फुटक्या कुंड्या, बंद कारंजं, कचरापेटीचं उलटं झाकण. डेंग्यू पसरवणारा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण सात ते दहा दिवसांत पोचतो, म्हणून आठवड्याचं चक्र मोडू नये. भांड्याची आतली बाजू घासाही, कारण अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन् महिने टिकतात.

पाल्यासाठी एका बाजूला मीटरभर लांब, रुंद आणि उंच जाळीचा चौकोन करा. दोन-तीन घमेली वाळका पाला, एक घमेलं हिरवं गवत, थोडं पाणी, असे थर. ढीग त्याहून लहान असला की आत ऊब धरत नाही. बी धरलेलं तण त्यात टाकू नका.

खेळणी स्वयंसेवकांनी दुरुस्त करायची नाहीत, पण बघायची जरूर. झोपाळ्याची झिजलेली कडी, घसरगुंडीची वर आलेली पत्र्याची कड, निघालेला बोल्ट, आणि ९ ते २३ सेंटिमीटरच्या फटी, ज्यांत लहान मुलाचं अंग जातं पण डोकं अडकतं. फोटो काढा, दोरी बांधून खेळणं बंद करा, त्याच दिवशी कळवा.

लावणी सगळ्यात शेवटी

पहिल्याच महिन्यात रोपं लावायची हौस सगळ्यांना असते. लावणं अर्ध्या तासाचं काम, पाणी घालणं किमान दोन वर्षांचं. प्रत्येक रोपाला पाणी घालणाऱ्या दोन माणसांची नावं ठरली असतील तेवढीच रोपं आणा. त्या प्रदेशातली, तिथल्या हवेत आधीच तगलेली झाडं निवडा.

रोजची देखभाल

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची १९७० च्या दशकात पार दुर्दशा झाली होती. १९८० मध्ये नागरिकांनी संस्था उभी करून बाग सावरायला घेतली. पुढे त्यांनी बाग ४९ विभागांत वाटली आणि प्रत्येक विभागाला ठरलेला माळी दिला. काही बिघडलं तर विचारायचं कोणाला हे कायम स्पष्ट असतं. छोट्या गटालाही हे जमतं. बाग तुकड्यांत वाटा आणि प्रत्येक तुकड्याला एक घर, एक जोडी किंवा एक मित्रमंडळ नेमून द्या. त्यांनी आठवड्यातून एकदा फेरी मारायची, कचरा उचलायचा, साचलेलं पाणी ओतून टाकायचं आणि बिघाड वहीत लिहायचा. महिन्यातून एकदा सगळ्यांनी जमून मोठं काम.

भिंतीवर खरडलेलं किंवा तुटलेलं काही एक-दोन दिवसांत नीट करा. तसंच राहिलं की त्याच्या शेजारी दुसरं येतं. तक्रार नेहमी लेखी, फोटो आणि तारखेसह, एकाच माणसाच्या नावाने पाठवा, म्हणजे पाठपुरावा राहतो. वहीत झालेली कामंही लिहा. पुढच्या परवानगीला आणि अवजारं मागायला तीच वही कामाला येते.

गटप्रमुख दोन असावेत. एकाच माणसाच्या उत्साहावर चाललेला गट त्या माणसाची बदली झाली की थांबतो. किल्ली, नकाशा, संपर्क आणि वही दोघांकडे असू द्या. नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी सगळ्यात कंटाळवाणं काम देऊ नका, जुन्या माणसासोबत जोडून द्या. ज्यांना वाकता येत नाही त्यांना वही, फोटो, झाडांची नोंद, पाण्याची वेळ सांभाळायला द्या. हे लोक अनेकदा सगळ्यात नियमित निघतात.

शेजारचा तुकडा घ्यायचा की नाही, हे ठरवताना आधीच्या तुकड्यात मुद्दाम तीन आठवडे मोठं काम ठेवू नका, फक्त साप्ताहिक फेऱ्या चालू द्या. तीन आठवड्यांनी सगळ्यांनी मिळून बघा. पायवाट मोकळी असेल, तण हातभर क्षेत्रापुरतंच आलं असेल आणि वहीत प्रत्येक फेरीची नोंद असेल, तर नकाशावर पुढचा चौकोन आखा. एखादी फेरी जरी चुकली असेल तरी आणखी एक हंगाम तिथेच थांबा आणि त्या फेरीसाठी माणूस शोधा.